छपरातली तिरपी काठी

१

छपरीत मडकी तीन होती. दोन भरलेली, एक फुटलेलं. खुरपी दोन, टोपली एक, गोणपाटाचा तुकडा एक, बांबूला अडकवलेला सदरा एक. कोपऱ्यात डांगरं अकरा. त्यांतली चार सडलेली. वाळूवर काळा पडलेला डाग एक. आणि गवताच्या छपराला भोक एक, दोन्ही मुठी जोडून आत जातील एवढं.

माणूस नव्हता. गिरिधरची माती होऊन नऊ दिवस झाले होते.

१९३६ सालचा फाल्गुन होता. कन्हान नदीचं पाणी आटून एका धारेवर आलं की काठचे धिवर, म्हणजे मासेमार लोक, उघड्या पडलेल्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि टरबुजं लावतात. या डांगरवाड्या पावसाळ्यापर्यंतच टिकतात. रेल्वेच्या पुलाला लागून दोन भावांच्या वाड्या होत्या. धारेजवळची थोरल्या रामाजीची, तिच्या पलीकडची धाकट्या गिरिधरची. पाणी आणायला गिरिधरला रामाजीच्या वेलांमधून जावं लागे. त्या वाटेवरून भांडण झालं होतं आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

एका सकाळी नागपूरहून येणारी पॅसेंजर पुलावरून गेली, आणि गिरिधर या छपरीच्या तोंडाशी डोकं फुटून पडलेला सापडला. त्याच्याजवळ सर्वांत आधी रामाजी पोहोचला होता. रामाजीच्या मचाणावर गोफण होती. पोलिसांनी त्याला त्याच दिवशी नेलं. फाशी होणार, असं कामठीच्या बाजारात भाजीवाल्यासुद्धा बोलत होत्या.

मी तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्रयोग मांडून देण्याच्या कामावर होतो आणि महाल भागात भैयाजी वकिलांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. रामाजीचं वकीलपत्र भैयाजींकडे होतं.

"अशील तोंडच उघडत नाही," ते म्हणाले. "मारलं का विचारलं तर मान हलवतो. कोणी मारलं विचारलं तर भिंतीकडे बघतो. अशा माणसाला मी वाचवू कसा? तू जाऊन ये बाबा. नाही तरी तुला मोजण्याचा रोग आहे."

म्हणून मी टेप, सुतळी आणि खुंट्या घेऊन आलो होतो. भोकाखाली उभा राहून वर बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हाथ मत लगाना मास्टरजी. ये भोक सरकारी है."

२

ठाणेदार बाबूलाल अंगानं जाडे, हसतमुख आणि हुशार होते. हुशार हे मी मुद्दाम लिहितो. त्यांनी आपली वेताची काठी खालून त्या भोकात सारली. छपराचं गवत वीतभर जाड आणि दाबून बसवलेलं होतं. त्यामुळे भोकाच्या कडेला टेकवलेली काठी डुगडुगली नाही. जी वस्तू आत आली तिच्या वाटेवर तिरपी बसून राहिली.

"अब देखो. लकड़ी किधर देख रही है?"

मी काठीच्या दिशेनं पाहिलं. सरळ रेषेत, पंचवीसेक फुटांवर, रामाजीचं मचाण होतं.

"मचान. और मचान पे गोफन," बाबूलाल म्हणाले. "और कुछ?"

"पूल इतका जवळ आहे. गाडीतून काही पडलं असेल तर?"

"वो भी सोचा हमने. हम क्या घास खाते हैं?" ते टोपलीवर बसले. टोपली करकरली. "गाड़ी से कोई चीज़ फेंकेगा तो पुल से सीधी आएगी, नाक की सीध में. ये तो आड़ी आई है. दूसरी बात, लकड़ी के पीछे आँख लगाओ."

मी डोळा लावला. काठीची रेषा मचाणाच्या खूप वरून गेली, पुलाच्याही वरून गेली आणि आभाळात शिरली.

"दिखा पुल?"

"नाही. आभाळ."

"रेलगाड़ी आसमान में नहीं चलती. इसने गोफन से पत्थर ऊपर उछाला, कि लगे ऊपर से गिरा. तीसरी बात, गाड़ी से गिरा तो सामान किधर है? यहाँ कुछ मिला नहीं. पत्थर इसने पानी में फेंका, मरने वाले की औरत ने देखा है." ते उठले आणि काठी ओढून घेतली. "लकड़ी झूठ नहीं बोलती, मास्टरजी."

तिन्ही मुद्दे नीट रचलेले होते. 

फक्त काठी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला तीन तपकिरी धागे चिकटले होते.

"काथ्या है. छप्पर बाँधने का," बाबूलाल म्हणाले आणि ते झटकायला लागले. मी ते मागून घेतले आणि आगपेटीत ठेवले. ते गेल्यावर छपराच्या सगळ्या गाठी तपासल्या. छप्पर अंबाडीच्या दोरीनं बांधलेलं होतं. अंबाडीचे धागे पांढरट असतात.

काथ्या त्या वाडीत कुठेच नव्हता.

३

देवकी, गिरिधरची बायको, वाळूत खोदलेल्या झिऱ्यावर भांडी घासत होती. वय वीसच्या आत. माझ्याकडे न पाहताच बोलली.

"पोलिसाले सांगितलं ना जी सारं."

"मला पण सांगा. ते छपरीच्या तोंडाशी काय करत होते?"

"गाडी पाहून राहिले होते. माय नागपूरहून येणार होती, इतवारीच्या बाजारात डांगरं विकून. मायची गाडी आली का हे रोजच तिथं उभे राहत. ती खिडकीतून पाहते, हे हात दाखवते. लहानपणापासूनची सवय." तिनं राखेची मूठ मडक्यावर आपटली. "मी हसत होती त्याहिले. म्हणलं, एवढा बाप्या झाला अन् मायले टाटा करते."

"आवाज झाला?"

"गाडीच्या आवाजात काय ऐकू येते? भासरा धावला तवा मी पाह्यलं." भासरा म्हणजे थोरला दीर, रामाजी. "वाकला, काहीतरी उचललं, अन् धारेकडे पळाला. पाण्यात टाकलं. मंग ओरडला माह्या नावानं."

"काय टाकलं?"

"दिसलं नाही. दोन्ही हातात होतं."

"दोन्ही हातांत? गोफणीचा दगड तर लिंबाएवढा असतो."

तिचे हात थांबले. "फेकलं नाही त्यानं," ती म्हणाली. "वाकून सोडलं. पण मारलं त्यानंच जी. वाटेवरून म्हणाला होता मह्या देखत, पाय तोडीन म्हणून."

दोन्ही भावांची आई, रंभाबाई, काठावरच्या झोपडीत जाळं विणत बसली होती. उंच, काळी, खांद्यांनी रुंद बाई. चाळीस वर्षं नदीत जाळं फेकल्याचे ते खांदे होते. मी वकिलांकडून आलो हे कळताच तिनं जाळं बाजूला टाकलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, एक गेला. दुसरा नेऊन राहिले. त्याले सोडवून आणा गा. तो तोंडाचा खराब आहे, हाताचा नाही. लहान्याले त्यानंच पोहणं शिकवलं, कमरेले दोर बांधून."

"मारणारा दुसरा कोणी असेल, तर त्याचं नाव मी शोधीन," मी म्हणालो. माझं वय तेव्हा तेवीस होतं.

"शोधा. कोणीबी असन त्याले म्या पाह्यचं आहे. एकडाव पाह्यचं आहे." मग तिचा आवाज खाली आला. "त्याच दिवशी गाडीतून म्या नदीले नारळ सोडला गा. धार समोर आली, नारळ सोडला, हात जोडले, डोये मिटले. म्हणलं, माय, दोघा भावायचं जमू दे. अन् तवाच इकडे माहा लेक पडला असन. घरी आली तं आंगणात लोकं."

मी तिला धीर दिला आणि उठलो. त्या बोलण्याकडे मी त्या वेळी लक्ष दिलं नाही. मी दगड शोधत होतो.

४

पुलाच्या नागपूरकडच्या तोंडाशी पहारेकऱ्याची टपरी होती. पहारेकरी गणपतराव, रेल्वेचा निळा कोट भर उन्हात गळ्यापर्यंत लावलेला. गिरिधर पुलाच्या खांबाला जाळं बांधायचा म्हणून याचं आणि त्याचं वाजलेलं होतं. वरून धोंडा टाकीन, असं गणपतराव चार माणसांत म्हणाला होता.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "अजून दहा जणायले म्हणालो आहो. टाकला कोणावर? गाडी आली तवा मी इथं हिरवी झेंडी घेऊन उभा होतो. डायव्हरनं पाह्यलं, गार्डानं पाह्यलं. पुलावर दुसरं कुत्रंबी नव्हतं. अन् गाडी असताना कठड्याशी उभं राहाले जागा कुठं आहे? पाहा तुमीच."

मी पाहिलं. जागा नव्हती. पुलाला वर कमानी नव्हत्या, फक्त गुडघ्याएवढा कठडा होता, आणि गाडीच्या खिडक्या त्याच्या बऱ्याच वर येत. पुलाच्या तोंडाशी पाटी होती: ताशी वीस मैल.

"गाड्या पाळतात ही पाटी?"

"पाळतेत. पूल जुना आहे, डायव्हरले बी जीव आहे."

मी आगपेटी उघडून त्याच्यापुढे धरली. त्यानं एक धागा चिमटीत धरला.

"नारळाची शेंडी," तो लगेच म्हणाला. "हे तं रोजचंच आहे. गाडी पुलावर आली का बाया नदीले नारळ टाकतेत, पैसा टाकतेत. उन्हाळ्यात धार एवढीशी, अर्धे नारळ वाळूतच पडतेत."

"मग ते कोण खातं?"

"खातेत?" तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी काही घाणेरडं बोललो होतो. "नदीले वाह्यलेला नारळ आहे तो. धिवर खाईन का? वाळूत पडलेला दिसला का ज्याले पहिले दिसला त्यानं उचलायचा, अन् दोन्ही हातानं धारेत सोडायचा. नदीचं नदीले. लेकरायलेबी माहीत आहे."

दोन्ही हातांनी, वाकून. देवकीनं हेच सांगितलं होतं.

तर वस्तू मिळाली होती. बाबूलालांचा तिसरा मुद्दा गेला. पण पहिले दोन तसेच उभे होते. नारळ गाडीतून आला असेल, तर तो तिरपा का आला, आणि आभाळातून का आला?

५

दुसऱ्या दिवशी मी परत वाडीत गेलो. पायऱ्या सोप्या होत्या, त्या इथे क्रमानं देतो.

मी भोकात एक सरळसोट बांबू त्या काठीसारखाच तिरपा घालून बांधला. गणपतरावानं पुलावरून ओळंबा सोडला, आणि खाली वाळूवर मी पुलाच्या कडेची रेषा आखली. छपरापासून या रेषेपर्यंत सरळ अंतर भरलं चोवीस फूट. मग बांबूची दिशा सुतळीनं जमिनीवर ताणत मागे नेली. सुतळी रामाजीच्या मचाणाखालून गेली. बाबूलालांचा विचार तिथेच थांबला होता. मी पुढे गेलो. सुतळी पुलाच्या रेषेला जाऊन मिळाली ती बरोबर धारेच्या मध्यावर. छपरासमोरच्या बिंदूपासून ते ठिकाण चव्वेचाळीस फूट मागे होतं, म्हणजे नागपूरच्या बाजूला.

हा काटकोन त्रिकोण. एक बाजू चोवीस, एक चव्वेचाळीस, कर्ण पन्नास फुटांच्या किंचित वर.

गाडीच्या खिडकीपासून छपराच्या भोकापर्यंतची उंची ओळंब्यानं निघाली छत्तीस फूट. सोडलेली वस्तू छत्तीस फूट पडायला दीड सेकंद घेते. गाडीत बसलेल्या माणसानं पाण्यासमोर आल्यावर नारळ सरळ बाहेर टाकला, की त्याच्या दृष्टीनं तो सरळच जातो. पण नारळाला गाडीचा वेग आधीच मिळालेला असतो, आणि खिडकीतून सुटला म्हणून तो वेग त्याला सोडत नाही. दीड सेकंदात तो बाहेर जातो, आणि गाडीबरोबर पुढेही जातो. वाळूवर उभं राहून पाहिलं तर दोन्ही मिळून त्याची वाट तिरपी होते. दीड सेकंदात चव्वेचाळीस फूट पुढे, म्हणजे ताशी बरोबर वीस मैल. पाटीवर लिहिलेले.

आता आभाळ. आडव्या फेकलेल्या वस्तूची वाट वाकडी असते, शेवटी शेवटी ती जास्त उभी होते. ती जिथे पडली तिथली दिशा सरळ मागे ताणली, तर सुटण्याच्या जागेवर ती खऱ्या उंचीच्या दुप्पट वर जाते. मी बांबूचा उतार मोजला. पन्नास फूट मागे नेल्यावर तो पोहोचत होता बहात्तर फुटांवर. छत्तीस दुणे बहात्तर. बाबूलालांना काठीमागे आभाळ दिसलं, कारण ते दिसायलाच हवं होतं. काठी खरंच खोटं बोलत नव्हती.

मी वाळूत बसून पुन्हा एकदा सगळं ताडून पाहिलं. कुठेच तफावत नव्हती. मला इतका आनंद झाला होता की सुतळीचं दुसरं टोक कोणी धरलंय याचा विसर पडला होता.

रंभाबाई गुडघाभर पाण्यात, धारेच्या मध्यावर, सुतळी धरून उभी होती. मीच तिला हाक मारून बोलावलं होतं.

"हे टोक इथंच काहून धराले लावलं गा मास्तर?" तिनं विचारलं. "हे तं माही जागा आहे. येथंच सोडत असतो आमी नारळ, धार समोर आली का."

 चोवीस फूट बाहेर जायला नारळाला हाताचा चांगला जोर लागतो. तिचे ओले खांदे उन्हात चमकत होते.

"सापडला का, मारणारा?"

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही. दोरी सोडून द्या, मावशी."

६

भैयाजींनी सगळं ऐकलं, त्रिकोण दोनदा समजून घेतला आणि टेबलावर थाप मारली.

"सुटला! अरे, हा तर अपघात. फक्त रामाजीनं एवढं सांगितलं पाहिजे की पाण्यात सोडला तो नारळ होता. त्याच्या त्या एका वाक्यावर तुझा त्रिकोण उभा राहील. वाक्य नसेल, तर तो नुसता गवतातला बांबू आहे."

आम्ही जेलात गेलो. रामाजी गजांपलीकडे उकिडवा बसला. आईसारखाच रुंद, दाढी वाढलेली. मी सगळं सांगितलं, फक्त नारळ टाकणारा कोण ते सोडून. त्यानं मधे एकदाही मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाला,

"हे गणित आणखी कोणाले दाखवलं?"

"कोणालाच नाही."

"चांगलं केलं. पुसून टाका."

भैयाजी गजांशी वाकले. "अरे वेड्या, तो नारळ होता ना? हो म्हण. एवढं हो म्हण, पावसाळ्याआधी घरी जाशील."

"लाल फडकं होतं त्याले," रामाजी हळूच म्हणाला. तो आमच्याशी बोलत नव्हता. "जाळ्याची गाठ. आमच्या मायवानी गाठ कामठीत कोणी देत नाही. म्या लहान्याचं डोकं पाह्यलं, मंग ते फडकं पाह्यलं. ती टेसनावर उतरून येऊन राहिली होती. तिनं पाह्यच्या आधी ते पाण्यात गेलं पाह्यजे, एवढंच सुचलं."

म्हणजे त्याला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

"आम्ही तुझ्या आईचं नाव घेणार नाही," भैयाजी म्हणाले. "कोणी एक प्रवासी, एवढंच म्हणू. गाडीत शंभर माणसं होती."

"वकीलसाहेब, तिनं त्या गाडीतून नारळ सोडला हे तिनं साऱ्या गावाले सांगितलं आहे. रडून रडून सांगितलं. कोर्टात आगगाडी म्हणा, नारळ म्हणा, ती त्याच घडीले उठून उभी राहीन. तिले बाकीचं तुमी सांगाची गरज नाही."

"नाही तर तुला फाशी होईल," मी म्हणालो. "आणि ती तुलाच मारेकरी समजेल. जन्मभर."

"समजू द्या." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मह्यावर राग धरून ती जगन. रोज शिव्या देईन, भाकर खाईन. ते दुसरं समजलं, तं ती त्याच धारेत जाईन मास्तर. मी ओळखतो तिले."

"रामाजी, ऐक—" भैयाजी म्हणाले.

"तुमी कोर्टात नारळाचं नाव काढसान, तं मी उठून खोटं म्हणन. म्याच मारलं म्हणन."

 टांग्यातून घराशी उतरल्यावर भैयाजी म्हणाले, "मी वकील आहे. मी नाव काढणार."

७

त्यांनी प्रयत्न केला. सेशन कोर्टात खटला लागला तेव्हा ज्येष्ठ महिना होता. रंभाबाई मागच्या बाकावर, देवकीपासून दूर बसली होती. भैयाजी उठले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "युअर ऑनर, घटनेच्या वेळी पुलावरून जाणाऱ्या—"

"म्याच मारलं," आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला. "गोफणीनं. रागात मारलं. दगड पाण्यात टाकला."

न्यायाधीशांनी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मी मागे वळून पाहिलं. रंभाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती पिंजऱ्याकडे पाहत होती. तिनं म्हटलं होतं, मारणाऱ्याला एकदा पाहायचं आहे.

रागाच्या भरात, पूर्वतयारी नसताना, असं धरून फाशी टळली. जन्मठेप झाली. मी न्यायाधीशांना भेटायची खटपट केली. आठ दिवसांनी त्यांच्या शिरस्तेदारानं मला व्हरांड्यातच उभं केलं, माझा कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"अशीलच कबूल झाल्यावर तुझा त्रिकोण कोण बघतो?" भैयाजी म्हणाले. हे ते रागानं म्हणाले नाहीत.  आषाढात पूर आला आणि छपरी, मचाण, वेल, सगळं वाहून गेलं. भोकही गेलं.

रंभाबाईला जाऊन खरं सांगावं, असं मला त्या वर्षात अनेकदा वाटलं. एकदा मी कामठीपर्यंत गेलोही. स्टेशनवर चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो.

पुढच्या फाल्गुनात मी कन्हानला गेलो. पुरानं पुलाखालची वाळू गेल्या वर्षीच्या छपराच्या उंचीएवढी चढली होती आणि धार सरकली होती, आता ती दोन खांब पलीकडून वाहत होती. पुलाजवळ त्या वर्षी कोणीच वाडी लावली नव्हती. देवकी माहेरी निघून गेली होती. गणपतराव टपरीतून खाली उतरून आला.

"आता काय मोजून राहिले, मास्तर?"

"तेच."

तो माझ्याशेजारी वाळूत बसला. "बुढी जाते जेलात, महिन्याच्या महिन्याले. लोकं म्हणतेत, ज्यानं लहान्याले मारलं त्याले भेटाले काहून जातं वं. ती म्हणते, पोटचा आहे. पण बोलत नाही म्हणते त्याच्याशी. भाकर देते, समोर बसते, येळ झाली का उठते." त्यानं खिशातून तंबाखू काढली. "आज गेली आहे. याच गाडीनं येईन."

मी पाण्यात शिरून धारेच्या मध्यावर बांबू रोवला. मग काठावर लांब, पुलापासून दूर जाऊन उभा राहिलो आणि गणपतरावालाही दूर नेलं.

गाडी पुलावर आली. वेग पाटीवरचाच होता. तिसऱ्या की चौथ्या डब्याची खिडकी धारेसमोर आली आणि तिच्यातून एक लाल ठिपका सुटला. खिडकीत दोन हात जोडलेले दिसले, मग खिडकी पुढे गेली. ठिपका गाडीच्या बाजूबाजूनं काही क्षण तिच्याबरोबरच गेला, खाली येत गेला, आणि कोरड्या वाळूत पडला. वाळू उडाली. गाडी निघून गेली.

नारळ वाळूत अर्धा रुतला होता. लाल फडकं, जाळ्याची गाठ. गणपतरावानं टेपचं टोक बांबूशी धरलं, मी दुसरं टोक पुलाला समांतर नेत खड्ड्यासमोर धरलं. आकडा मी दोनदा वाचला.

मग मी नारळ उचलला, धारेपाशी नेला आणि वाकून दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

बांबूपासून खड्ड्यापर्यंत, पुलाला समांतर: त्रेचाळीस फूट आठ इंच.